ओझं अल्लाहने दिलं नव्हतं

माझा नववीतला एक विद्यार्थी आठवडाभर शाळेत आला नाही, म्हणून मागच्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर त्याच्या घरी गेलो. अब्बा अंथरुणावर होते. माझ्याच वयाचा माणूस, चाळिशी ओलांडलेला. इथेच कोल्हापुरात एका बांधकामावर फरशीचे बॉक्स तिसऱ्या मजल्यावर चढवताना जिन्याच्या वळणावर कमरेत कळ आली आणि ते तिथेच बसले. त्याला दोन महिने झाले. पोरगा आता चुलत्याबरोबर त्याच कामाला जाऊ लागलाय.

भेटायला आलेले लोक समजूत घालत होते. एक बुजुर्ग म्हणाले, अल्लाह ताकदीपेक्षा जादा ओझं कुणावर टाकत नाही. सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. परत येताना मात्र ती हललेली मान मला टोचत राहिली. कारण हे ओझं अल्लाहने दिलं नव्हतं. मुकादमाने दिलं होतं. तीस-तीस किलोचे दोन बॉक्स, एका खेपेला.

ठेकेदाराचं म्हणणं असं, की उचलायची पद्धत चुकली. साइटवर कुणाचीही कंबर गेली की हेच वाक्य ऐकू येतं. पद्धतीला माझा विरोध नाही. गुडघ्यात वाकावं, ओझं छातीशी धरावं, कमरेतून न वळता पाय वळवावेत, हे सगळं खरं आहे. विज्ञानाच्या तासाला तरफ शिकवतात तीच ही गोष्ट: ओझं अंगापासून जितकं लांब, तितका कमरेच्या खालच्या मणक्यांवर ताण जास्त. पण जिना अरुंद, कठडा बसलेला नाही, पायरीवर वाळू सांडलेली आणि खांद्यावर साठ किलो. अशा जागी ती पद्धत कुणी करून दाखवावी. त्यातून काम उक्तं. बॉक्स जितक्या लवकर वर जातील तितक्या लवकर पैसे. एकेक नेला तर संध्याकाळ होते, दोन-दोन नेले तर दुपारी सुटका. त्या माणसाने पद्धत निवडलीच नव्हती. ती उक्त्या दराने ठरवली होती.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला आणि १९९८ साली त्याचे केंद्रीय नियम आले. त्यांत वजन आकड्यांत लिहिलंय. प्रौढ पुरुषाने एकट्याने जास्तीत जास्त ५५ किलो, स्त्रीने ३० किलो. त्यापुढे दुसऱ्या माणसाची किंवा यंत्राची मदत हवी. ३० किलो म्हणजे किती, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. गुळाचा मोठा रवा तेवढाच असतो. आणि ही शेवटची हद्द आहे, रोज गाठायचं लक्ष्य नव्हे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९९१ साली ओझं उचलण्याचं सूत्र सुधारलं, त्यात सगळं अनुकूल असताना सुरुवातच २३ किलोपासून होते. ओझं लांब धरावं लागलं, अंग वळवावं लागलं, खेपा वाढल्या, की आकडा आणखी खाली येतो. आपल्याकडे सिमेंटची गोणीच ५० किलोची, आणि ती एकट्याने उचलायची यात कुणाला वावगं वाटत नाही.

आमच्या गावात आणखी एक दुखणं आहे. हे तालमींचं गाव. “गडी हाईस का न्हाईस?” असं कुणी म्हटलं की माणूस दोनावर तिसरा बॉक्सही घेतो. पण तालमीतला वस्ताद नव्या पोराची मेहनत कशी वाढवतो, ते बघा. रोज थोडी, खुराक बघून, अंग दुखलं तर थांबवून. बिगाऱ्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण ओझं, खुराकाच्या नावाने चहा आणि वडापाव. याला मर्दानगी म्हणणाऱ्याने तालमीची माती पाहिलेली नाही.

हा प्रश्न ओझ्याचाच आहे, हे हमालांनी फार आधी ओळखलं. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले माथाडी लढले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. पुण्यात बाबा आढाव आणि हमाल पंचायत यांनी १०० किलोचं पोतं ५० किलोवर यावं म्हणून भांडण केलं. हमालांना नीट वाकायला शिकवा, अशी त्यांची मागणी नव्हती. पोतं लहान करा, अशी होती. बाजारात निदान संघटना होती. गल्लीतल्या तीन मजली बांधकामावर, आज इथे आणि उद्या तिथे असणाऱ्या बिगाऱ्यामागे कोण आहे?

“खेपा वाढल्या की खर्च वाढतो,” असं म्हणतात. वाढतो. पण आता तो खर्च वाचतो कुठे? तो फक्त साइटवरून उठून बिगाऱ्याच्या घरी जातो. बुडालेली मजुरी, औषधपाणी, आणि वर्गातला एक रिकामा बाक.

आता आपल्या लोकांशी थोडं. हा ठेकेदार आपल्यातलाच, पाच वक्तचा नमाजी. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही हदीस १ मेला आपल्या प्रत्येकाच्या स्टेटसला असते. बुखारीतली दुसरी एक हदीस स्टेटसला ठेवलेली मी पाहिली नाही. हाताखालच्या माणसाला झेपणार नाही असं काम सांगू नका आणि सांगितलंच तर त्याला मदत करा, असा तिचा आशय. १९९८ च्या नियमात दुसऱ्याची मदत म्हणून जे लिहिलंय, ते आपल्याला कितीतरी आधी सांगून झालंय.

मी स्वतःलाही सोडत नाही. गेल्या वर्षी माझ्या घरावर एक खोली चढवली. वाळू आणि गोण्या वर कोणी नेल्या, कशा नेल्या, हे मी विचारलं नाही. मी फक्त दर विचारला होता, आणि त्यातही घासाघीस केली होती.

म्हणून घर बांधणाऱ्या, मशिदीची कमिटी चालवणाऱ्या, ठेका घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काम ठरवतानाच माल वर कसा जाणार ते ठरवा. कप्पी किंवा लहान लिफ्ट लावा, खाली चाकाची गाडी द्या, आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकातच धरा. ट्रक जिन्याजवळ खाली करा. जिना झाडून घ्या. एका खेपेला एकच बॉक्स, गोणीला दोन माणसं, आणि हे परवडेल असा दर. यातलं काहीही अवघड नाही. फक्त ते मालकाच्या खिशातून जातं.

यापुढे कुणाच्या अंथरुणाशी बसून आपण ते वाक्य बोललो, तर त्यानंतर एवढं तरी विचारू: वजन किती होतं, आणि उचलायला कोणी सांगितलं?

सोमवारी हजेरी घेताना मी त्या पोराचं नाव घेणार आहे. तो पटावर आहे तोवर घेत राहणार आहे.