शाळा सुटल्यानंतरचा वर्ग कोणाचा?

दहावीचा निकाल लागला की आपण गुणवंतांचे सत्कार करतो. सत्कार जरूर करावेत. परंतु गणित आणि विज्ञानाच्या पेपरात अडखळून जी मुले मागे राहिली, त्यांचा हिशेब कोण मागणार? वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ साली नीती आयोगाच्या 'आकांक्षित जिल्ह्यां'च्या यादीत गेला. मागासलेपणाला दिलेले हे गोड नाव!

शाळा सुटते तेव्हा पैसेवाल्याच्या मुलाचा खरा वर्ग सुरू होतो, तो शिकवणीत. मजुराचे पोर मात्र पाणी, शेळ्या आणि धाकटी भावंडे सांभाळते. सोयाबीनच्या सोंगणीत तर त्याची शाळाही बुडते. पुढे दोघांनाही एकच प्रश्नपत्रिका मिळते आणि निकालाला नाव मिळते 'गुणवत्ता'! ही गुणवत्ता जन्मजात नसते, ती संध्याकाळच्या दोन तासांत घडते.

याला पुरावा आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींची मुले निवडली आणि त्यांना शाळेच्या वेळेबाहेर विज्ञान-गणिताचे मार्गदर्शन दिले. वि. गो. कुलकर्णी आणि सु. आगरकर यांनी त्याचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध केला. मुलांची प्रगती लक्षणीय होती. बुद्धी कमी नव्हती. मोठा अडसर पुस्तकी भाषेचा होता. घरात कधीही न ऐकलेल्या शब्दांत विज्ञान शिकवले की हुशार पोरही 'ढ' ठरते.

मग सरकार काय करते? घटनेचे कलम २१-क मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देते, पण तो सहा ते चौदा वर्षांपुरता. म्हणजे गणित-विज्ञान अवघड होते त्या नववी-दहावीच्या उंबरठ्यावरच हक्क हात सोडतो. मात्र कलम ४६ तिथे थांबत नाही. दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित विशेष काळजीने जपा, असे ते शासनाला बजावते. ते न्यायालयातून थेट बजावता येत नसले, तरी राज्यकारभाराचे मूलभूत तत्त्व आहे. त्याची आठवण शासनाला कोणी करून द्यायची?

कागदावर योजना आहेतच. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांसाठी अभ्यासिका आणि बालभवन-विज्ञान केंद्रे आहेत. वाशिम जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साधे प्रश्न विचारावेत. आपल्या तालुक्यात अभ्यासिका किती? त्या संध्याकाळी उघडतात का? विज्ञान केंद्राचे साहित्य मुलांच्या हाती लागते की कपाटात कुलूपबंद असते? केंद्राची अटल टिंकरिंग लॅब योजना २०१६ पासून शाळेमागे २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देते. त्यातील किती शाळा आपल्या मुलांच्या आहेत, हेही विचारा.

पण उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले, ते शाळेबाहेर मुलाला अभ्यासाची जागा लागते हे ओळखूनच. आज गावोगावी विहारे आणि समाजमंदिरे आहेत. वंदनेनंतर तिथला दिवा विझवू नका. नववी-दहावीच्या मुलामुलींचे विज्ञान-गणित मंडळ आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे भरवा. वस्तीतला अभियंता, शिक्षक, पदवीचा विद्यार्थी यांनी एकेक विषय घ्यावा. बॅटरी, तार, भिंग, लिंबू एवढ्यावर पुष्कळ प्रयोग होतात. मुलाने प्रयोग आधी स्वतःच्या बोलीत सांगावा, मग पुस्तकाच्या भाषेत लिहावा. मुलींना घरी पोहोचवण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी, नाहीतर वर्गात फक्त मुलगेच उरतील.

जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा या मंडळाला द्या. मिरवणूक एका दिवसाची असते. गणित समजलेले पोर आख्खे घर वर काढते.