रोजचं इंग्रजी : ‘पुट अप’ आणि ‘पुट अप विथ’

मैत्रिणींनो, इंग्रजीतले लांबलचक शब्द आपण घोकून पाठ करतो आणि अडतो मात्र ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’ असल्या चिमुकल्या क्रियापदांपाशी. क्रियापद ओळखीचंच असतं, पण मागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘विथ’ असं शेपूट लागलं की अर्थ पार दुसऱ्या गावाला जातो. आज अशीच एक जोडी घेऊ.

माझ्या वर्गाला येणाऱ्या एक बाई नोकरीच्या मुलाखतीला गेल्या होत्या. (त्यांना विचारूनच सांगते आहे.) ‘घरी कोण कोण असतं?’ असा प्रश्न आला. बाईंनी हसतमुखानं सांगितलं, ‘आय अ‍ॅम पुटिंग अप विथ माय मदर-इन-लॉ.’ समोरची मंडळी एकमेकांकडे बघून हसली. बाईंना म्हणायचं होतं, ‘मी सासूबाईंजवळ राहते.’ ऐकणाऱ्यांना ऐकू आलं, ‘मी सासूबाईंना कशीबशी चालवून घेते आहे!’ आणि याच सासूबाईंनी दोन नातवंडं सांभाळून सुनेला बी.एड. करू दिलं होतं.

पण दोष एकट्या बाईंचा नाही. ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ म्हणजे ‘कुठं राहता?’ असं आपल्याकडे सर्रास विचारतात. वास्तविक ‘पुट अप’ म्हणजे चार दिवसांचा मुक्काम, उतरणं किंवा उतरवून घेणं. लग्नाला नाशिकला गेलात आणि मावशीनं दोन रात्री ठेवून घेतलं, तर ‘माय आँट पुट अस अप फॉर टू नाइट्स.’ कायमच्या घराला साधं, सरळ ‘लिव्ह’ वापरावं : ‘आय लिव्ह विथ माय मदर-इन-लॉ.’ (कचेरीत फाईल ‘पुट अप’ करतात, म्हणजे साहेबांपुढे ठेवतात, ती आणखी निराळी!)

आता ‘पुट अप विथ’. शब्दकोशात ‘सहन करणे’ असा अर्थ सापडेल, पण तेवढ्यानं भागत नाही. मला ‘चालवून घेणं’, ‘खपवून घेणं’ हे जास्त जवळचे वाटतात. वरच्या मजल्यावरचा ठोकाठोकीचा आवाज, दिवसाआड येणारं पाणी, कुणाचं तिरकं बोलणं, यांना ‘पुट अप विथ’ चालतं. घरातलं माणूस गेलं, ते दुःख सोसलं, तिथं मात्र हा शब्द नको. दुःख हलकं केल्यासारखं होतं. तिथं ‘बेअर’ म्हणावं.

आपल्याकडे ‘सोशिक’ म्हटलं की कौतुक होतं. इंग्रजीत ‘शी पुट्स अप विथ अ लॉट’ म्हटलं, तर त्यात कौतुकापेक्षा कणव जास्त असते. ‘का बरं चालवून घेते ही?’ हा प्रश्न त्यात दडलेला असतो.

नकार देताना तर फारच जपा. ‘आय कान्ट पुट अप विथ धिस’ म्हणजे मला हे सोसवत नाही. ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’ म्हणजे मी हे चालवून घेणार नाही. एका शब्दाचा फरक, पण पहिल्यात गाऱ्हाणं आहे, दुसऱ्यात निर्णय. वर्गात वाक्य करायला सांगितलं की बहुतेकजणी ‘कान्ट’च लिहितात. मग मी एकेकीला उभं करून ‘वोन्ट’ म्हणायला लावते. आवाज चढवावा लागत नाही, जोर ‘अप’वर पडला की पुरे.

बाकी व्याकरण सोपं आहे. भूतकाळातही ‘पुट’च राहतं. ‘विथ’ गाळायचा नाही. ‘आय कान्ट पुट अप धिस नॉइज’ हे चूक. मध्ये काही घुसवायचं नाही : ‘पुट अप विथ इट’ बरोबर, ‘पुट इट अप विथ’ नव्हे. पुढे क्रिया आली तर तिला ‘इंग’ लावा : ‘पुट अप विथ हिज कमिंग लेट.’

वाक्याच्या शेवटी ‘विथ’ आलेला चालतो का? खुशाल चालतो. शेवटी असे शब्द आणू नयेत, हा आक्षेप कवी ड्रायडन यांनी १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतला होता आणि शाळामास्तरांनी त्याचा नियमच करून टाकला. त्याची खिल्ली उडवणारं ‘अप विथ विच आय विल नॉट पुट’ हे उलटंपालटं वाक्य चर्चिलसाहेबांच्या नावावर सांगतात, पण ते त्यांचंच असल्याचा पुरावा नाही.

आता वही घ्या आणि इंग्रजी करा : ‘पुण्यात आम्ही मामांकडे दोन दिवस उतरलो होतो.’ ‘ह्यांचं घोरणं मी वीस वर्षं चालवून घेतलं.’ ‘मुलांसमोर केलेला अपमान मी यापुढे चालवून घेणार नाही.’ तिसऱ्या वाक्यात ‘कान्ट’ लिहाल, तर अर्धेच गुण. पुढच्या आठवड्यात ‘पुट ऑफ’ पाहू.