फुटक्या बशीचा न्याय

फुटके भांडे घरात ठेवू नये, हा दंडक पेडणे-डिचोलीच्या आपल्या घरांतून आजही पाळला जातो. आमचा आक्षेप त्या दंडकाला नाही. त्याच्या आडून चाललेल्या दोन अविचारांना आहे.

पहिला उकिरड्याचा. पोर्तुगीज अमदानीत मकावच्या वाटेने चिनी मातीची भांडी गोव्यात आली. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात बशीला मज्जाव आणि लोणच्याच्या बरणीला मान, अशी आपली तऱ्हा. तरी फुटलेले सारेच फेकले गेले नाही. गोव्यातील कित्येक जुन्या वास्तूंत चिनी तुकडे बसवून केलेल्या जमिनी आढळतात. त्या उखडून गुळगुळीत फरशी घालायची, आणि याला म्हणायचे घर सुधारणे! नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर २०२३ मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा खुले झाले, तेव्हा जुने जपल्याचा आनंद आपण सर्वांनी मानला. तोच न्याय ओसरीच्या जमिनीला का नसावा?

ही गरिबाची ठिगळे नव्हेत. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेतील आपल्या कार्यालयाची कमानदार छपरे चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवली. अखंड फरशी गोलाईवर बसत नाही, तुकडा बसतो. शिवाय पांढरी झिलई ऊन परतवते. याच दोशींना २०१८ मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. नेकचंद यांनी फुटक्या कपबश्या आणि बांगड्यांतून उभारलेली चंडीगढची बाग १९७६ पासून लोकांसाठी खुली आहे.

दुसरा अविचार याच्या नेमका उलट, आणि अधिक घातक. कलेच्या हौसेपायी कपाटातील धडधाकट जुन्या बशा हातोडीने फोडल्या जात आहेत. ‘नाहीतरी धूळच खात होत्या’, हे त्याचे समर्थन. मग दप्तरातील जुनी कागदपत्रेही धूळच खातात. त्यांचे पतंग करावेत काय? बशीच्या पाठीवरचा छाप ती कोठे घडली हे सांगतो. फोडलेल्या बशीचा तो पुरावाही फुटतो.

आमचे म्हणणे एवढेच : अखंड ते जपावे, फुटले ते वापरावे. तुकडे डब्यात साठवावेत. कडा पाण्याखाली घासाव्यात, कारण जुन्या झिलईत शिसे असू शकते आणि तिची धूळ बाधते. विहिरीचा कठडा, अंगणातील चिऱ्याचा कट्टा ही त्यांची हक्काची जागा. आणि गवंड्याला पहार लावण्यास सांगण्यापूर्वी, पायाखाली काय आहे ते एकदा वाकून पाहावे.