जाळीपाशी उभा राहणारा चिराग

सोसायटीच्या आवारात बॅडमिंटन खेळता ना? मग दोघं-दोघं खेळायचं ठरलं की पहिलं भांडण कशावरून होतं ते तुम्हाला ठाऊकच असेल. 'मागे मी, पुढे तू!' मागे उभं राहिलं की फूल उंच येतं आणि धाडकन हाणता येतं. पुढे जाळीपाशी मग कोण? तर धाकटा भाऊ! त्यानं आपली खाली पडलेली फुलं उचलून द्यायची.

आज ज्याची गोष्ट सांगणार आहे ना, त्याच्या बाबतीत हा प्रश्न थेट भारताच्या संघातच उभा राहिला होता.

चिराग शेट्टी हा आपल्या मुंबईचा, मालाडचा मुलगा. जन्म ४ जुलै १९९७. गोरेगाव स्पोर्ट्स क्लबमध्ये उदय पवार सरांच्या हाताखाली तो तयार झाला. उंचापुरा, दणकट आणि स्मॅश असा की समोरच्यानं रॅकेट सांभाळावी. पुढे तो हैदराबादला पुलेला गोपीचंद यांच्या अकादमीत गेला. तिथे आंध्रातल्या अमलापुरमचा, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान असा सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीही होता. तोही तसाच उंच, तोही मागून हाणणारा!

त्या वेळी भारताच्या दुहेरीचे प्रशिक्षक होते मलेशियाचे टान किम हर. त्यांनी या दोघांची जोडी लावली. पोरं चक्रावलीच. दोघंही मागचेच खेळाडू, मग पुढे कोण जाणार?

पुढे गेला चिराग.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? थांबा, जरा समजावून सांगतो. दुहेरीचं कोर्ट एकेरीपेक्षा रुंद असतं, ६.१० मीटर. पण सर्व्हिस करताना मागची रेषा ७६ सेंटिमीटर अलीकडे येते. म्हणजे उंच, लांब सर्व्हिस केलीत तर समोरचा ती ठेचणारच! म्हणून सर्व्हिस करायची ती जाळीला जवळजवळ घासून. मग पहिले तीन-चार फटके जाळीच्या आसपासच होतात आणि ज्याला नाइलाजानं फूल वर उचलावं लागतं, त्याच्या अंगावर स्मॅश येतो. समोरच्याला ते उचलायला लावायचं, हे पुढच्या खेळाडूचं काम. विचार करायला वेळच नसतो, रॅकेट आधीच वर धरलेली हवी. तसे दोघं जागा सारखे बदलत असतात. पण बेत जमला की सात्त्विक मागे आणि चिराग पुढे.

सात्त्विकचा स्मॅश किती वेगवान? एप्रिल २०२३ मध्ये जपानमध्ये त्याचा एक फटका मोजला, ताशी ५६५ किलोमीटर! गिनीज बुकात त्याची नोंद आहे. टाळ्या अर्थातच स्मॅशला मिळतात. त्याच्या आधी जाळीपाशी झालेला तो हलका टपका मात्र कोणाच्या लक्षातही राहत नाही. मला तरी हा थोडा अन्यायच वाटतो. पुढचा सामना टीव्हीवर लागला की एक पूर्ण गेम फक्त पुढच्या खेळाडूकडे बघा, मग कळेल.

आता एक गणित सोडवा बरं. टोकियोचं ऑलिंपिक झालं २०२१ मध्ये. एका गटात चार जोड्या, त्यातल्या दोनच पुढे जाणार. चिराग-सात्त्विकनं तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना हरवलं, शेवटचा गेम २७-२५! इंडोनेशियाकडून दोघं हरले, ब्रिटनला त्यांनी हरवलं. तीनपैकी दोन सामने जिंकले. पण तैवाननंही दोन जिंकले होते आणि इंडोनेशियानंही. मग मोजले गेम. भारत : चार जिंकले, तीन हरले, म्हणजे अधिक एक. तैवान अधिक दोन, इंडोनेशिया अधिक तीन. झालं! आपली जोडी घरी. आणि सुवर्णपदक कोणी नेलं माहीत आहे? ज्यांना आपण हरवलं होतं, त्याच तैवानच्या जोडीनं.

असं झाल्यावर कोणीही महिनाभर रुसून बसला असता. यांना मात्र मे २०२२ मध्ये बँकॉकला थॉमस चषकाची अंतिम लढत खेळायची होती. १९४९ पासून चालू असलेल्या या स्पर्धेत भारत पहिल्यांदाच अंतिम लढतीत पोचला होता, समोर इंडोनेशिया. लक्ष्य सेननं पहिला सामना जिंकून दिला. दुसरा आपल्या जोडीचा. पहिला गेम गेला. दुसऱ्यात तर इंडोनेशियाकडे चार मॅच पॉइंट आले. एक चूक झाली असती की सामना संपला होता! पण चारही वाचवले. १८-२१, २३-२१, २१-१९. मग किदंबी श्रीकांतनं शेवटचा घाव घातला आणि थॉमस चषक पहिल्यांदा भारतात आला.

त्यानंतर विजयांची रीघच लागली. बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण, जागतिक स्पर्धेत कांस्य, २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण (बॅडमिंटनमधलं भारताचं तिथलं पहिलंच!), जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक आणि दोघांना मिळून खेलरत्न.

पण एक जोडी यांच्या मागे हात धुऊन लागली होती, मलेशियाचे ॲरन चिया आणि सोह वूई यिक. ओळीनं आठ वेळा त्यांनी आपल्या जोडीला हरवलं. नवव्या वेळी, जून २०२३ मध्ये इंडोनेशिया ओपनच्या अंतिम सामन्यात, चिराग-सात्त्विकनं त्यांना २१-१७, २१-१८ असं सरळ हरवलं. वाटलं, चला, सुटली एकदाची पीडा!

कसली सुटतेय? २०२४, पॅरिस ऑलिंपिक, उपांत्यपूर्व फेरी. समोर पुन्हा तेच दोघं. आपण पहिला गेम २१-१३ असा आरामात घेतला. पुढचे दोन गेले १४-२१ आणि १६-२१ असे. पदक पुन्हा हुकलं.

आणि बघा गंमत. ऑगस्ट २०२५ मध्ये जागतिक स्पर्धा भरली ती पॅरिसलाच, त्याच हॉलमध्ये. फेरी तीच, उपांत्यपूर्व. प्रतिस्पर्धीही तेच! या खेपेला चिराग-सात्त्विक २१-१२, २१-१९ असे जिंकले. पुढे उपांत्य फेरीत चिनी जोडीनं त्यांना तीन गेममध्ये हरवलं, म्हणून पदक कांस्यच मिळालं.

ऑलिंपिकच्या पदकाची जागा मात्र अजून रिकामी आहे. पुढचं ऑलिंपिक २०२८ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसला आहे. तेव्हा चिराग नुकताच एकतीस वर्षांचा झालेला असेल.