दूरवैद्यक व आमचे डॉक्टर

दूरध्वनीवरून किंवा पडद्यावर रोग्यास पाहून औषध सांगण्यास आपल्या देशांतील पुष्कळ अनुभवी डॉक्टर अद्याप मनापासून राजी नाहींत. त्यांस हेकट म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. पोट चाचपून पाहिल्यावांचून अपेंडिक्सची सूज ओळखावी कशी? बोटांस जें कळतें तें पडद्यास कळत नाहीं. शिवाय कोर्टाचें भय आहेच. कोंकणांतील एका खटल्यांत, रोग्यास समक्ष न तपासतां टेलिफोनवरून औषधोपचार सांगितल्याच्या प्रकरणीं मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं डॉक्टरांस अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हां वैद्यकवर्गांत मोठी खळबळ उडाली.

परंतु मार्च २०२० मध्यें याविषयीं रीतसर नियम झाले. प्रत्यक्ष तपासणी अवश्य आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार त्यांत डॉक्टरांच्याच हातीं ठेविला आहे. कांहीं औषधें दुरून देण्यास मनाई आहे, ती गोष्ट निराळी. यापुढें सरसकट नकार आम्हांस पटत नाहीं. सरकारच्या 'ई-संजीवनी' योजनेंत खेड्यांतील उपकेंद्रावर आरोग्य अधिकारी रोग्याजवळ बसून रक्तदाब मोजतो, लक्षणें सांगतो, आणि दूरचा डॉक्टर सल्ला देतो. ही तपासणी अपुरी खरी. पण तिची तुलना शहरांतील दवाखान्याशीं करणें चुकीचें होय. अशा कित्येक खेड्यांत दुसरा डॉक्टर नसतोच. पुढें वैद्यकी पत्करूं पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हा फरक ध्यानांत घ्यावा. मधुमेहाचा जुना रोगी केवळ गोळ्यांची मात्रा विचारण्यासाठीं दिवसाची मजुरी बुडवून तालुक्यास जातो, आणि तेथील गर्दींत त्याचें पोट कोणी चाचपून पाहत नाहीं, हें आमच्या डॉक्टरबंधूंस ठाऊक आहे.