तोंड आले, पण हिशेबात आले नाही

‘तोंड येणे’ हा आपल्या घरोघरीचा शब्दप्रयोग. उष्णता झाली, जागरण झाले, पोट साफ नाही ही त्याची कारणमीमांसा जितकी घरगुती, तितकेच जाईचा पाला चावणे वा ज्येष्ठमध चघळणे हे उपायही घरगुती. आठवडाभरात बऱ्या होणाऱ्या या तक्रारीचा कोणी बाऊ करीत नाही, आणि बहुतांशी ते योग्यच आहे. परंतु ज्यांचे तोंड वर्षातून दहा-बारा वेळा येते, ज्यांच्या बाबतीत ते शरीरातील दीर्घकालीन दाहाचे केवळ दृश्य टोक असते, त्यांचे काय? प्रस्तुत लेखक गेली अकरा वर्षे अशा रुग्णांपैकी एक आहे.

या व्याधीचे नाव बेहचेत. तोंडातील व्रण, जननेंद्रियावरील व्रण आणि डोळ्यांचा दाह ही एकाच रोगाची लक्षणे आहेत, असे हुलुसी बेहचेत या तुर्की त्वचारोगतज्ज्ञाने १९३७ मध्ये मांडले. यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. १९९० च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार वर्षातून किमान तीन वेळा तोंडात व्रण होणे ही निदानाची आवश्यक अट होती. रोग बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे ऐन कमावत्या वयात सुरू होतो. आणि डोळ्यांच्या दाहाकडे दुर्लक्ष झाले तर दृष्टीही जाऊ शकते.

जिभेच्या कडेला व्रण असला की ‘ळ’ उच्चारणे हीदेखील शिक्षा ठरते. अशा आठवड्यात मी वर्गात बोलतो कमी आणि फळ्यावर लिहितो अधिक. घरी सर्वांच्या पानात पिठलेभाकरी असते आणि माझ्या पानात गार दूधभात. ‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न ठरलेला. २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही ज्या राज्यात त्याच्या पुड्या सर्रास सापडतात, तेथे तो गैर नव्हे. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण तपासून घेतलाच पाहिजे. पण उत्तर ‘नाही’ आले की चौकशी तेथेच थांबते. डोळे लाल होतात का, अन्यत्र व्रण आहेत का, हे मला चार वर्षे कोणी विचारले नाही आणि संकोचापायी मीही सांगितले नाही. स्त्रियांच्या वाट्याला हा संकोच किती अधिक येत असेल!

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला खरी विसंगती दिसते ती पुढेच. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देते, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. आमच्यासारख्यांचा खर्च मात्र खाटेवर होत नाही. तो होतो दरमहाच्या गोळ्यांवर, रक्ततपासण्यांवर आणि नेत्रतज्ज्ञाकडील फेऱ्यांवर. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट आपल्या खिशातून उचलला. मला नियमित वेतन आहे, आजारपणाची रजा आहे. रोजंदारीवरील मजुराचे काय? पोळलेल्या तोंडाने उपाशी राहून तो कामावर जातो, नाहीतर मजुरी बुडवतो. गोळ्या परवडत नाहीत म्हणून तो त्या मध्येच सोडतो. उद्या त्याला एकाएकी दिसेनासे झाले आणि तो रुग्णालयात दाखल झाला, की मगच तो आपल्या हिशेबात येतो. रोग रोखण्यास पैसा नाही आणि बिघडल्यावर आहे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

म्हणून मागणी माफक आहे. दीर्घकालीन दाहजन्य आजारांची बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे सार्वजनिक योजनांच्या कक्षेत आणावीत. प्रारंभ सरकारी रुग्णालयांतून नियमित औषधपुरवठ्याने करता येईल. आणि वारंवार तोंड येणाऱ्या रुग्णाला दंतवैद्याने डोळ्यांविषयीचा तो एक प्रश्न अवश्य विचारावा. त्याला तर कोणत्याही अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही.