विश्लेषण : स्नोबोर्डिंगसाठी डोंगर निवडताना बर्फाचा भरवसा किती?

काश्मीरमधील गुलमर्ग येथे २२ ते २५ फेब्रुवारी २०२५ दरम्यान ठरलेल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुरेसा बर्फ नसल्याने पुढे ढकलाव्या लागल्या. त्या ९ ते १२ मार्चला झाल्या. खेळाडूंना नवी तारीख मिळाली. पण रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यातून आठ-दहा दिवसांची रजा काढून स्नोबोर्डिंग शिकायला निघालेल्या तरुणाला ती सोय नसते. रजा एकदाच मंजूर होते.

आकर्षण कशाचे?

स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन स्वतंत्र पट्ट्या आणि हातात काठ्या असतात. स्नोबोर्डिंगमध्ये दोन्ही पाय एकाच बोर्डला बांधलेले, शरीर आडवे आणि हात मोकळे. वळायचे ते बोर्डच्या कडेवर वजन टाकून. १९६५ मध्ये अमेरिकेतील शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळण्यासाठी दोन स्की जोडून केलेल्या खेळण्यातून या प्रकाराने आकार घेतला. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकपासून तो पदकांचा खेळ आहे. पहिले दोन-तीन दिवस बहुतेक पडण्यातच जातात, तेही बर्फावर हात टेकत. त्यामुळे मनगटाची दुखापत ही नवशिक्याची ठरलेली भीती. पण एकदा कडेवर तोल सापडला, की प्रगती झपाट्याने होते.

कोणता डोंगर निवडावा?

यवतजवळचा भुलेश्वराचा डोंगर हीच ज्यांची उंचीची ओळख, त्यांना नावाजलेले शिखर खुणावते. शिकणाऱ्याला मात्र शिखराचा उपयोग नाही. त्याला हवा मंद, रुंद उतार, वर नेणारी सोय आणि प्रशिक्षक. गुलमर्गचा तळ सुमारे २,६५० मीटरवर असून नवशिक्यांचे उतार तिथेच आहेत. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवाटच्या सुमारे ३,९०० मीटर उंचीवर नेतो. तेथील भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी परदेशी खेळाडूही येतात, पण ते काम सरावलेल्यांचे. उत्तराखंडमधील औलीचे उतार शिकाऊंना सोयीचे. मात्र जोशीमठमध्ये जमीन खचल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये तेथील रोपवे बंद करावा लागला. हिमाचलमधील सोलंगला मनालीहून सहज जाता येते. मात्र तेथेही मोसमातल्या बर्फावरच भिस्त.

बर्फ कमी पडला तर फटका कोणाला?

खरी मेख इथे आहे. कोरड्या हिवाळ्यात तळाचा बर्फ आधी जातो, वरचा टिकतो. म्हणजे अनुभवी खेळाडू गोंडोलाने वर जाऊन आपली हौस भागवू शकतो आणि ज्याला वर जाता येत नाही, तो नवशिका हात हलवत परततो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार महिनाभर जवळपास उघडेच होते.

हा बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात. शिरूर-दौंडच्या कांदा उत्पादकाला ते अनोळखी नाहीत. हिवाळ्यातल्या ढगाळ हवेमागे अनेकदा तेच असतात आणि ते पुढे सरकल्यावर उत्तरेचे वारे इथे हुडहुडी भरवतात. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. या काळात पडलेला कोरडा बर्फ टिकतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धातला बर्फ ओलसर, लवकर वितळणारा. म्हणून जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा त्यातल्या त्यात बरा काळ. खात्रीचा नव्हे.

तिकीट आधी की अंदाज?

पुणे-जम्मू तावी झेलम एक्स्प्रेस दौंडमार्गे जाते. (शिरूर तालुक्यात रेल्वेच नाही, त्यामुळे तिथल्यांना आधी दौंड, पुणे किंवा अहिल्यानगर गाठावे लागते.) जम्मूपर्यंत दोन रात्री. ६ जून २०२५ रोजी कटरा-श्रीनगर वंदे भारतला हिरवा झेंडा दाखवण्यात आला आणि खोऱ्यात रेल्वेने जाणे शक्य झाले. पण १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तर हिमवृष्टीचा भरवशाचा अंदाज जेमतेम आठवड्याचा. दोहोंमधली जोखीम प्रवाशाच्या खिशावर. तिकीट आधीच काढावे लागणार हे उघड आहे. निदान निवास आणि प्रशिक्षणाचे पैसे तरी रद्द करता येतील अशा अटीवर भरावेत, उरलेली रक्कम तिथे पोहोचून द्यावी.

भरपूर बर्फ पडला तर?

तेव्हा वेगळी अडचण. टंगमर्ग ते गुलमर्ग या शेवटच्या १३ किलोमीटरवर चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडल्या जातात. वर हिमस्खलनाचा धोका वाढतो. अफरवाट परिसरात १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. गस्तीच्या हद्दीबाहेरचा उतार कितीही मोहक दिसला तरी तो नवशिक्यासाठी नाही. प्रवास विमा काढताना साहसी खेळ वगळल्याचे कलम आहे का, हे पैसे भरण्याआधी वाचावे; अनेक साध्या पॉलिसींत ते असते.